हरभऱ्याच्या चाळणीचा गार्ड

लातूरकडच्या मुरुडच्या बाजाराकडं जाताना बसलिंगप्पांचं दुकान लागतं. मळणी यंत्राला लागणाऱ्या पत्र्याच्या चाळण्या तिथं तयार होतात. वेल्डिंग आता त्यांची लेक शिवकन्या करते. त्या उजेडानं अप्पांची नजर मंदावली तेव्हा ती कॉलेजात होती. नुसता पत्रा धरायला म्हणून आली ती राहिलीच. सुरुवातीला गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "अप्पा न्हाईत का?"

"हायत की. पण काम मी करते," म्हणत ती गळ्यातलं इष्टलिंग ड्रेसच्या आत सारायची आणि वेल्डिंगची काच डोळ्यांपुढं धरायची. तेव्हा पाठ फिरवून गेलेली माणसंही पुढं आपण होऊन आली. तिची चाळणी यंत्रात अलगद बसायची, हातोडीनं ठोकावी लागत नसे.

गेल्या वर्षी ऊस तोडणीच्या दिवसांत सुदर्शन मोटारसायकल घेऊन तिच्याकडं आला. तो पशुधन पर्यवेक्षक. खेड्यातली माणसं त्याला डॉक्टरच म्हणतात. थोड्या दिवसांपूर्वी किल्लारीच्या वाटेवर ट्रकच्या चाकातून उडालेला दगड गाडीच्या रेडिएटरवर बसला होता, जाळी फुटली आणि आतलं हिरवं पाणी रस्त्यावर सांडलं. ज्याच्याकडं तो निघाला होता त्या शेतकऱ्याची म्हैस विताना अडली होती. दुसऱ्याच्या गाडीवर बसून हा तिथं पोचेस्तोवर रेडकू पोटातच गेलं होतं. ते त्याच्या जिवाला लागलं. रेडिएटर त्यानं नवा टाकला, पण ते मॉडेल कंपनीनं बंद केलेलं. त्यापुढं बसणारा, दगड अडवणारा गार्ड लातुरातही मिळेना.

"ताई, तुमच्याकडचा पत्रा कापून बसवता येईल का?"

शिवकन्यानं असलं काम कधी केलं नव्हतं. ती गाडीपुढं उकिडवी बसली, साडीच्या खोक्याचा पुठ्ठा रेडिएटरवर धरून पेन्सिलनं कडा मारून घेतल्या. मग सुदर्शनला गाडीवर बसवून म्हणाली, "पुढचा ब्रेक धरून गाडी जोरात खाली दाबा." गाडी दबली तसा चाकावरचा मडगार्ड पुठ्ठ्याला घासला. तेवढा कोपरा तिनं गोल कापला. मग ज्वारीच्या चाळणीचा पत्रा घेऊन गार्ड बनवला आणि रेडिएटरला लागून घट्ट बसवला. दिसायला झकास दिसत होता.

चार-दोन दिवसांनी सुदर्शन परत आला तो वैतागूनच. "गाडी लई तापायलीय, ताई. रेडिएटरचा पंखा बंदच होत न्हाई. दगडापासून वाचवायला गेलो अन् इंजिन घालवून बसतो का काय?"

शिवकन्यानं वाद घातला नाही. किल्ली मागितली, ओढणी कमरेला बांधली आणि गाडी घेऊन निघाली. उसाच्या ट्रॅक्टरमागं रांगत, मुद्दाम धुळीतून, ती बऱ्याच वेळानं परत आली. केस पांढरेफटक झाले होते. गार्डवर उसाचं पाचट चिकटलं होतं आणि बारीक भोकं धुळीनं बुजली होती.

"डॉक्टर, चूक माझी हाय. दगड अडवायचा इचार केला, वारं इसरले."

अप्पा बाजेवरून लेकीला म्हणाले, "अव्वा, हरभऱ्याची चाळणी बघ की." हरभऱ्याच्या चाळणीची भोकं मोठी असतात. तिनं लगेच तो पत्रा काढला, त्याच पुठ्ठ्यावरून कापला, कडा कानशीनं घासून बोथट केल्या. या खेपेला गार्ड रेडिएटरपासून बोटभर पुढं उभा केला, धक्क्यानं खडखडू नये म्हणून मध्ये रबर घातलं आणि अडकलेला कचरा गळून पडावा म्हणून खालची बाजू मोकळी सोडली. मग स्वतःच पुन्हा त्याच वाटेनं गाडी फिरवून आणली. पंखा लागला आणि थोड्या वेळानं आपोआप बंद झाला. तो थांबल्याचं ऐकल्यावरच तिनं किल्ली सुदर्शनच्या हातात दिली.

पुढं शिरूर अनंतपाळकडं जाताना असाच एक दगड आला. ठण्ण आवाज झाला तशी सुदर्शननं गाडी थांबवली. उतरून बघतो तर गार्डला पोचा पडलेला, मागचा रेडिएटर मात्र कोरडा. तो तसाच पुढं नीलाबाई नावाच्या शेतकरी बाईंच्या गोठ्यावर गेला. त्यांची म्हैस सकाळपासून अडली होती. हात घालून त्यानं आडवं आलेलं रेडकू सरळ केलं आणि बाहेर ओढलं. जिवंत होतं. नीलाबाईंनी सुदर्शनच्या तोंडावरून पदर फिरवला आणि चिकाची बाटली हातात दिली.

ती बाटली त्यानं मुरुडला आणली. शिवकन्यानं दुकानातल्याच स्टोव्हवर खरवस केला. अप्पा दोनदा मागून खाऊन म्हणाले, "छलो झालाय, लई झकास." सुदर्शननं झालेलं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ती उठून गाडीपाशी गेली आणि पोच्यावरून बोट फिरवत राहिली.

"बदलू का डॉक्टर?"

"राहू द्या ताई. मला बघायला बरं वाटतं."

आता तिच्याकडं लांबून गाड्या येतात. परवा निलंग्याहून एकानं फोनवर फोटो धाडला, यावरून गार्ड कापून ठेवा म्हणाला. शिवकन्यानं त्याला सांगितलं, "फोटोवरून जमणार न्हाई, भाऊ. गाडी घेऊन या, अन् तुम्ही जाता ती वाट बी सांगा."