रग, वगैरे

"मागं द्यायचं, साहेब. पुढं आपोआप जातंय."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या छातीवर एक फाइल येऊन आदळली होती. भूमच्या तहसील कचेरीत मी नवा कारकून म्हणून रुजू होऊन तासही झाला नव्हता. चाचा मला रेकॉर्डची खोली दाखवायला घेऊन निघाले होते. फाइल त्यांच्या काखेत, मी त्यांच्या मागं. दारापाशी पोचल्यावर त्यांनी कमरेतून एक हेलकावा घेतला आणि मागं वळून न बघता दोन्ही हातांनी फाइल सोडून दिली. ती झेलायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. निजामाच्या काळातले ते कागद माझ्या अंगावरून खाली सांडले, आणि ते वाक्य ऐकवून चाचा शांतपणे एकेक पान वेचू लागले.

चाचा आमच्या कचेरीचे शिपाई. जुनी माणसं अजून चपराशीच म्हणायची. वय पन्नाशीकडे झुकलेलं, मान खांद्यात रुतलेली, नाक एका बाजूला सरकलेलं आणि डावा कान असा चुरगळलेला, की पहिल्या दिवशी मी त्याच्याकडे बघत राहिलो आणि मग बघितलं नाही असं दाखवत राहिलो. तुम्हीही तेच केलं असतं. अशा कानाबद्दल माणूस विचारत नाही, मनातल्या मनात ठरवून टाकतो.

हैदराबाद संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. सगळे उर्दू कागद मराठीत करायचं काम चाललं होतं आणि शिपायांची सेवापुस्तकं माझ्याकडे होती. एक रकाना होता, 'पूर्वीचा व्यवसाय'. मी चाचांना विचारलं, नोकरीच्या आधी काय करत होतात?

"रगबी," चाचा म्हणाले.

आता मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे काय, भूमला काय, 'बी' म्हणजे 'सुद्धा'. रग बी. मी 'रग' लिहिलं आणि टाक वर धरून थांबलो. म्हटलं, रग बी, आणि काय बी? चाचा म्हणाले, आणि काही नाही, रगबी. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मला वाटलं, म्हातारा अंगातल्या रगीबद्दल बोलतोय. तरुणपणी रग होती, आणि इतरही बरंच काही होतं. रांगेत अजून चार माणसं उभी होती. मी लिहून टाकलं: 'रग, वगैरे.'

सरकारी पुस्तकात लिहिलेलं खोटं ठरत नाही, म्हणून मग जगाला त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं. आमच्या हेडक्लार्कनी ती नोंद वाचली आणि रग म्हणजे पांघरायचे रग असा सरळ अर्थ लावला. तेव्हापासून कचेरीला सतरंजी हवी, साहेबांच्या दौऱ्याला घोंगडी हवी, की चाचांना बाजारात धाडायचे. चाचा जायचे, घोंगडीवरून तळवा फिरवायचे, मान हलवायचे आणि एक उचलून आणायचे. घोंगडी दर वेळी चांगली निघायची, हे आणखी एक दुर्दैव.

खरी गोष्ट मला वर्षभरानं कळली. आम्ही दुपारच्या सुट्टीत कडुनिंबाखाली बसलो होतो आणि चाचा आपणहून बोलले. तरुणपणी ते मामाबरोबर मुंबईच्या गोदीत हमालीला गेले. पाठीवर गाठोडं घेऊन फळीवरून पळताना एका गोऱ्या कंपनीच्या साहेबानं त्यांना पाहिलं. कंपनीच्या क्लबाचा रग्बी खेळणारा संघ होता आणि त्यांना एक माणूस कमी पडत होता. मस्टरवर नाव खलाशी म्हणून, काम मात्र खेळायचं. लांबट चेंडू काखेत मारायचा आणि समोरच्या गोऱ्यांना तुडवत पलीकडच्या रेषेवर टेकवायचा. चेंडू फेकायचा तर मागच्यालाच, पुढं फेकला की गुन्हा. सात वर्षं चाचांनी ही नोकरी केली. दूध, अंडी वेगळी. मग त्या कंपनीचे गोरे विलायतेला परतले, क्लब मिटला आणि चाचा भूमला परत आले.

मी हसलो. हसलो ते मजेनं, पण चाचा हसले नाहीत.

"तुमी बी हसला," ते म्हणाले. "घरात बी असंच हाय. तिला वाटतंय, म्या सात साल जेलात व्हतो."

ते 'ती' म्हणजे चाची. लग्न होताच नवरा मुंबईला गेला आणि ती सात वर्षं तिनं ईटला माहेरी काढली होती. नवरा परतला तो मोडकं नाक आणि चुरगळलेला कान घेऊन, आणि सांगायला लागला की चेंडू खेळायचा पगार मिळत होता. चाची भांडली नाही. तिनं फक्त मुंबईबद्दल विचारणं बंद केलं. चाचांनी एकदा सेवापुस्तकाच्या पानाची नक्कल करून नेली, की निदान सरकारी कागद तरी तिला दाखवावा. शेजारच्या मास्तरांनी वाचून दाखवलं: रग, वगैरे. चाचीला सगळं समजलं. रग, सतरंज्या कुठं विणतात? तुरुंगात.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका माणसाची सात वर्षं मी दोन शब्दांत पुसली होती आणि तो रोज मला प्यायला पाणी देत होता. मी म्हटलं, नोंद आत्ता बदलतो. चाचांनी नको म्हणून सांगितलं. कागदावर तिचा भरवसा उरलेला नव्हता.

"एक डाव तिनं बघावा," ते म्हणाले. "येकच. गुडघा हाय तंवर."

असा तो सामना ठरला. एका बाजूला कचेरी, दुसऱ्या बाजूला अडतीवरचे हमाल. जागा नदीपलीकडचा माळ. चेंडूचा प्रश्न होता. चाचांनी मुंबईहून आणलेला चामडी चेंडू घरातच होता, पण त्यातला फुगा केव्हाच सडला होता आणि चाचीनं त्याची वादी सोडून आत धने भरून ठेवले होते. चामड्यात धन्याला कीड लागत नाही, असं तिचं म्हणणं. ते धने डब्यात ओतून, सरकी काढलेला कापूस ठासून चेंडू शिवला तो तिनंच. कशासाठी हवाय, हे तिनं विचारलं नाही. कापूस भरूनही त्या चेंडूला शेवटपर्यंत धन्याचा वास येत राहिला.

चाचांनी आठ दिवस आमची तालीम घेतली. अडचणी निराळ्याच निघाल्या. आमची सगळी मंडळी हुतूतूवर वाढलेली. ज्याच्या हातात चेंडू जाई तो आपोआप 'हुतूतू हुतूतू' म्हणत सुटे आणि दम संपला की चेंडू जमिनीवर ठेवून बाद झाल्यासारखा बाजूला जाऊन उभा राही. चाचांनी कळवळून सांगितलं, अरे श्वास घ्या, ह्यात श्वास घ्यायला बंदी नाही. दुसरी अडचण हेडक्लार्कांची. त्यांनी चेंडू पकडला की त्यांच्या अंगावर जायला कुणी धजेना. एका तलाठ्यानं तर आधी "माफी असावी" म्हटलं आणि मग त्यांच्या कमरेला कवळ घातली. तेवढ्या वेळात ते रेषेपार गेले होते.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी अर्धं भूम माळावर जमलं. बायका एका बाजूला बाभळीच्या सावलीत होत्या. चाची सगळ्यांच्या मागं, पदर दातात धरून बसलेली. यावंसं वाटून आली होती की शेजारणींनी ओढून आणली होती, ते कळायला मार्ग नव्हता.

सामना कसा झाला म्हणाल, तर चेंडू बराच वेळ कुणाला दिसलाच नाही. चाचा त्याला रेटारेटी म्हणत: दोन्हीकडच्या लोकांनी डोकी एकमेकांत खुपसायची आणि रेटायचं. मी मधे सापडलो. एका हमालाचं डोकं जात्याच्या पाळीसारखं माझ्या कानावरून फिरत होतं. जीव जातोय असं वाटत असताना मला चाचांचं तोंड दिसलं. ते हसत होते. कचेरीत मी त्यांना कधी तसं हसताना पाहिलं नव्हतं. वीस वर्षांनी लहान झालेला माणूस माझ्या शेजारी रेटत होता, आणि खरं सांगतो, कान तुटत असतानाही मला फार आनंद झाला.

मग चेंडू सुटला तो चाचांच्या काखेत. ते पळाले. गुडघा दुखरा, तरी पळाले. एक हमाल हातानं बाजूला सारला, दुसरा खांद्यानं, तिसरा पायाला लोंबकळला, चौथा पाठीवर चढला. रेषा दोन हातांवर होती. पडले असते तरी चेंडू टेकला असता. मी मागून धावत होतो, म्हणजे पळापळीत चुकून त्यांच्या मागं आलो होतो. चाचांनी मागं न बघता कमरेतून हेलकावा घेतला आणि चेंडू सोडला. वर्षभर फायली झेलून झेलून माझे हात तयार झाले होते. मी झेलला, पुढं गेलो आणि टेकवला.

माळ दुमदुमला. मला दोघांनी उचललं. चाचा मातीत तसेच बसून गुडघा चोळत होते.

थोड्या वेळानं चाची वाटीत गरम हळद-चुना घेऊन आली. आधी ती चाचांपाशी थांबली.

"ह्येंला कशाला दिला?" तिनं माझ्याकडे बोट केलं. "लाइन तर हितं व्हती."

"मागं द्यायचं असतंय," चाचा म्हणाले.

 ती माझ्याकडे वळली, हळदीचं बोट माझ्या कानाला लावणार आणि थांबली. माझा डावा कान सुजून भज्यासारखा झाला होता, आतली घडी मिटून गेली होती. तिनं तो नीट पाहिला. मग नवऱ्याचा कान पाहिला. मग पुन्हा माझा. किती वेळ ती असं करत होती कोण जाणे. लेप वाटीत वाळायला लागला.

"ह्यो कान ह्या खेळात मोडला व्हय?" तिनं चाचांना विचारलं.

"व्हय."

"आन् त्येचा पगार देत व्हते?"

"व्हय. दूध बी."

चाचीनं वाटी खाली ठेवली, पदराचं टोक ओलं केलं आणि इतक्या लोकांत नवऱ्याच्या त्या जुन्या कानावरची माती पुसली. चाचांनी मान खाली घातली होती. मी दुसरीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी सेवापुस्तक काढलं, 'रग, वगैरे' वर लाल रेघ मारली आणि लिहिलं: 'रग्बी (पगारी)'. असा व्यवसाय असतो का, असं हेडक्लार्कनी विचारलं नाही. त्यांचा उजवा हात गळ्यात होता. त्यांनी डाव्या हातानं सही केली. सतरंज्या मात्र पुढंही चाचाच आणत राहिले, कारण एवढी पारख दुसऱ्या कुणाला नव्हती.

माझी बदली झाली. चाचा निवृत्त होऊन चाचीबरोबर ईटला राहायला गेले. मी धाराशिवला असताना ते वारल्याची खबर उशिरा कळली. पुढं एकदा कामानं ईटला गेलो तेव्हा घर विचारत पोचलो. चाची अंगणात बसली होती. शेजारची एक बाई ज्वारी पाखडत होती. आत खुंटीला तो चेंडू टांगलेला दिसला, जड, खाली ओघळलेला. पुन्हा धने भरले होते.  इतकी वर्षं अंगणात, कचेरीत, कुठंही कुणाच्या मागं चाललो की माझे हात अजून आपोआप पुढं होतात, एवढंच मी तिला सांगितलं. ती हसली आणि डोळे पुसले.

शेजारणीनं विचारलं, हे पाव्हणे कोण?

"आमच्या ह्येंच्यासंगं खेळायचे," चाची म्हणाली. "रगबी."

"रग बी? आन् काय बी?"

"आन् काय न्हाय. तेवढंच. खोटं वाटतंय तर त्येंचा कान बघ."

मी आयुष्यात तो एकच सामना खेळलो होतो. पण टोपी काढली, डावा कान पुढं केला आणि बाईंचं बघून होईपर्यंत तसाच उभा राहिलो.