वरची चादर

शुक्रवार पेठेत आमच्या समोरच एका चादरवाल्यांचं दुकान होतं, मागे त्यांचं घर. गठ्ठा बांधताना सगळ्यात चांगली चादर ते वर ठेवत आणि विणीत दोष असलेली मध्ये सरकवत. "गिऱ्हाईक वरचीच बघतंय की, मास्तर," म्हणत आणि गालातल्या गालात हसत. मला ते पटत नसे, पण माणूस गोड होता.

त्यांचा थोरला भाऊ आतड्याच्या कॅन्सरनं गेला आणि ते हसू गेलं. बोलता बोलता त्यांचा हात पोटावर जाई. डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीनं आतडं बघू, नाहीतर शौचात न दिसणारं रक्त आहे का ते तपासू.

"दुर्बीण नगं. आत कायबाय दिसलं तर?" असं मला सांगून त्यांनी दुसरी तपासणी पत्करली. सकाळीच रिकाम्या काडेपेटीतून शौच नेऊन दिलं.

रिपोर्ट आला त्या संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. रक्त सापडलं होतं. मी धीर द्यायला लागलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"माजं न्हाय ते, मास्तर. लई भ्या वाटलं, म्हणून हिचं नेऊन दिलं. हिला म्हटलं, जंताची तपासणी हाय. हिचं कदी डोकंबी दुखलं न्हाय वो."

समोरच्या दारात त्यांची बायको येऊन उभी राहिली. "भाकरी गार व्हायली, येताय न्हवं?"

"आलो," ते म्हणाले. पण उठले नाहीत, आणि माझं मनगटही सोडलं नाही.