डोक्यामागचे डोळे
मैद्याची खळ शिजायला लागली की आजही माझी पाठ गार पडते. एका वर्षी सकाळी मोहफुलं वेचताना माझ्या जावेला वाघानं नेलं. मी तिच्याशेजारीच वाकले होते. नंतर मी विहिरीवरही एकटी जाईना. दवाखान्यातली एक ताई आम्हा बायकांना समाजमंदिरात बोलतं करायला बसवायची, पण कुणी तोंड उघडत नव्हतं. मला वाटायचं, भीती फक्त मलाच आहे. एकदा तिनं रद्दी आणली आणि तिथंच मैद्याची खळ शिजवली. वाघ मागून येतो आणि चेहरा दिसला तर बिचकतो, म्हणून डोक्यामागं बांधायचे मुखवटे करायला आम्ही बसलो. डोळे रंगवताना माझी रेघ वाकडी जाऊ लागली. शेजारच्या म्हातारीनं सावरायला मनगट धरलं, तर रेघ आणखीच वाकडी झाली. मुखवटे भिंतीशी मांडले, तर सगळ्यांचेच डोळे भेदरलेले. "वाघ याले काऊन भेईल वो? हे तं आपल्यावानीच भेले हायेत," म्हातारी म्हणाली. आधी हसू फुटलं, मग रडू, आणि त्या सकाळबद्दल आम्ही पहिल्यांदाच बोललो. अजूनही मोहाखाली वाकले की मागं काहीतरी श्वास घेतंय असं वाटतं. मी मुखवटा चाचपते आणि ओरडते, "मले भेव लागून राह्यलं वो!" झाडाझाडांमागून आवाज येतात, "मले बी!"