पेशंट उठत न्हाय

आजारी पडायचं काम मोनिकाकडं आलं, कारण दवाखान्यातल्या बाकी सगळ्यांना फोटोत उभं राहायची कामं आधीच वाटून झाली होती.

मोनिका भूम तालुक्यातल्या माळावरच्या एका वाडीची आशाताई. सासरा बिरू मेंढरं राखायचा, सासू गजराबाई शेळ्या. वाडीत कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या लेकराचा डोस चुकलाय, कुणाचा खोकला हटत नाही, सगळं हिच्या तोंडपाठ. वरून ‘कांगो तापाची रंगीत तालीम घ्या’ असा हुकूम आला, तेव्हा दवाखान्याचे डॉक्टर रुद्रेश म्हणाले, “ताई, पेशंट तुम्ही व्हा. तुम्हाला ते नॅचरली जमेल.”

नॅचरली म्हणजे कसं, हे त्यांनी सांगितलं नाही.

कांगो ताप गोचिडीतून येतो. गोचीड शेळी-मेंढीच्या अंगावर असते, पण जनावराला त्या तापाचं काही वाटत नाही, ते मजेत चरतं. माणसाला लागला की हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं, आणि त्याचं रक्त ज्याच्या हाताला लागेल त्यालाही धरू शकतो. म्हणून अंगभर पांढरे झगे, हातमोजे, चष्मे. दवाखान्यात ते कपाटभर आले होते.

तालमीला जिल्ह्याचे साहेब आले. साहेबांना प्रत्येक वाक्य दोनदा म्हणायची सवय, दुसऱ्यांदा सावकाश. “आपण सज्ज आहोत. आपण... सज्ज... आहोत.” झगे घातलेल्या दोघांनी मोनिकाला स्ट्रेचरवर घालून व्हरांड्यातनं फिरवून आणलं. फोटो निघाले. मग कुणीतरी म्हणालं, “ताई, उठा, बऱ्या झालात,” आणि साहेबांसाठी मागवलेली भजी गार व्हायच्या आत मोनिका बरी झाली. झगे कपाटात गेले, कपाटाला कुलूप लागलं.

घरोघर सांगायला तिला एकच निरोप मिळाला: गोचीड हातानं चिरडू नका.

आता हे धनगराच्या घरात सांगायचं म्हणजे काय? शेळी मांडीशी दाबून धरायची, कानाच्या मुळाशी बोट फिरवायचं, टम्म फुगलेली गोचीड उपटायची आणि दोन्ही अंगठ्यांच्या नखांत धरून फोडायची. जिती सोडली तर दुसऱ्या जनावरावर चढती, म्हणून फोडल्याबिगर हात धुवायचा नाही, ही रीत. गजराबाईच्या नखाचा टच्चकन आवाज शेजारच्या पडवीत ऐकू जायचा.

“आत्या, चिरडू नका. हातमोजे घाला, चिमट्यानं काढा, न् डिझेलच्या डब्यात टाका.”

“डब्यात? आन वटी न्हाय भरायची का तिची?” गजराबाई म्हणाली. “तुझ्या डॉक्टरनं कवा शेळीच्या कानात बोट घातलंय का, इचार जरा.”

“ताप लई वंगाळ असतो, आत्या.”

“आन आलाच तर?”

“आलाच तर दवाखान्यात सगळी तयारी हाय. म्या सोता बघितलीय.”

हे वाक्य पुढं मोनिकाला भोवणार होतं.

मेंढरं कातरायचे दिवस आले. बिरूचे हात कातरीनं चिरलेले, त्यात लोकरीतल्या गोचिडी. कातरणी उरकली आणि त्याला हुडहुडी भरून ताप चढला. दोन दिवस तो अंगावर काढत राहिला. मग एका सकाळी त्यानं चूळ भरली, तर चूळ लाल.

मोनिकानं हाताला खताच्या रिकाम्या पिशव्या बांधल्या, तोंडाला ओढणी गुंडाळली, सासऱ्याला शेजाऱ्याच्या छोट्या हत्ती टेम्पोत मागं निजवलं, सासूला पुढं बसवलं आणि दवाखाना गाठला. दारातनंच सांगितलं, “कांगोसारखं दिसतंय. कपाट उघडा.”

सिस्टर दोन पावलं मागं सरल्या. डॉक्टर खिडकीत आले, पण खिडकी लावून.

“ताई, पॅनिक होऊ नका. आधी त्यांना बाहेर बसवा.”

“बसवते. कपाट उघडा, सर.”

“ॲक्च्युअली, किल्ली स्टोअरवाल्यांकडं असते. ते लोहाऱ्याला साखरपुड्याला गेलेत.”

“मग फोडा की कुलूप.”

“सरकारी कुलूप आहे, ताई. असं कसं फोडता येईल?”

माणूस फुटला तर चालेल, कुलूप फुटायला नको. मोनिका हे बोलली नाही. नोकरी होती.

रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर बजरंग पुढं आला. “वैनी, म्या नेतो मामाला. पर मला त्यो पांढरा झगा द्या म्हणा. तालमीत घालून माझा फोटो काढला, आन आता खरा पेशंट आला तर म्या बनियनवर जाऊ व्हय?”

त्याचं काय चुकलं? काहीच नाही. 

बिरूला दवाखान्यापुढच्या लिंबाखाली बसवलं. जो तो लांबून वळसा घालून जायचा. पिशव्या बांधलेल्या हातांनी मोनिका त्याचं तोंड पुसत होती, पुसलेलं फडकं वेगळ्या पिशवीत टाकत होती. बिरू सगळं बघत होता. मग म्हणाला, “मेंढरू आजारी पडलं तर आमी बी बाजूला बांधतो, पोरी. पर त्याच्याम्होरं पाणी ठिवतो.”

तेव्हा कुठं आतनं पाण्याची बाटली आली, तीही कुणीतरी लांबून घरंगळत सोडलेली.

गजराबाईनं बाटली उचलून बिरूच्या हातात दिली. ती सुनेकडं वळली. “सोता बघितलीस ना तयारी?”

मोनिकानं फडक्यांच्या पिशवीला गाठ मारली.

दुपार कलल्यावर स्टोअरवाला आला. डोक्याला साखरपुड्याचा फेटा तसाच, आणि किल्ली कमरेच्या करदोट्याला. शर्ट वर करून त्यानं ती सोडवली, तेव्हा कुठं झगे बाहेर आले आणि बिरू धाराशिवला निघाला.

त्याचं रक्त पुण्याला तपासायला गेलं. कांगो नव्हता, डेंग्यू होता. बिरू वाळलेल्या खारकेसारखा होऊन घरी आला, पण आला.

“बघा ताई,” डॉक्टर म्हणाले, “उगाच घाबरलात.”

आणि मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, “संशयित रुग्ण निगेटिव्ह. म्हणजे आपली सज्जता उत्तम. सज्जता... उत्तम.” टाळ्या पडल्या. मोनिकाचे हात मांडीवरच राहिले. डोकं तिचं चुलीवरच्या तव्यासारखं तापलं होतं. ते दुखणं डासाचं निघालं म्हणून घर वाचलं, आणि कौतुक कुणाचं, तर त्या कुलूपबंद कपाटाचं. उद्या खरंच गोचिडीचं निघालं, तर त्याच लिंबाखाली वाडीतलं कोण बसणार होतं? तिला एकेक तोंड दिसायला लागलं.

पावसाळ्याआधी दुसरी तालीम लागली. “पेशंट तुम्हीच व्हा, ताई,” डॉक्टर म्हणाले. “तुम्हाला अनुभव आहे.”

मोनिका लगेच व्हय म्हणाली. घरी येऊन सासूला म्हणाली, “आत्या, उद्या तुमी पेशंटच्या नातेवाईक.”

“रडायचं का?”

“न्हाय. नुसतं बसायचं.”

दुसऱ्या दिवशी साहेब आले, भूमचा एक बातमीदार मोबाईल धरून आला. झगे सकाळपासनंच टेबलावर इस्त्री केल्यासारखे मांडलेले. मोनिकाला व्हरांड्यातनं फिरवून आणलं आणि नेहमीचा आवाज आला, “ताई, उठा, बऱ्या झालात.”

मोनिकानं डोळे उघडले नाहीत.

“ताई?”

“पेशंट उठत न्हाय,” गजराबाई म्हणाली. ती स्ट्रेचरचं चाक धरून खाली फतकल मारून बसली होती.

साहेब हसले. “अहो आजी, ही तालीम आहे. तालीम... आहे.”

“व्हय की. मग तालमीत तरी नीट करा. खऱ्यात तर केली न्हाय.”

तेव्हा मोनिका पडल्या पडल्याच बोलली, डोळे मिटून. “सर, पेशंट सांगून येत न्हाय. ते झगे कपाटात ठेवा. कुलूप लावा. स्टोअरवाल्याला घरी पाठवा. मग मला आत घ्या. तवर म्या लिंबाखाली. माझा सासरा दिवसभर तिथंच रक्त थुंकत बसला होता.”

डॉक्टर म्हणाले, “ताई, ॲक्च्युअली...” बातमीदाराचा मोबाईल साहेबांच्या तोंडाकडं वळला. साहेब मोबाईलकडं बघत म्हणाले, “ठेवा कपाटात.” एकदाच म्हणाले.

स्टोअरवाला घरी गेला. कुलूप लागलं. मोनिका लिंबाखाली, साहेब तिच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर. ऊन चढलं. स्टोअरवाला फोन उचलेना, तो शेताला पाणी द्यायला गेला होता. डॉक्टर कपाटापुढं उभे राहून सिस्टरांकडं बघत, सिस्टर बजरंगाकडं. साहेबांच्या मानेवरनं घामाची धार लागली, तरी मोनिका हलली नाही. शेवटी साहेब उठले, म्हणाले, “दगड आणा रे.”

पहिला दगड बजरंगानं आणला. सरकारी कुलूप दुसऱ्या घावात गेलं. बजरंगानं झगा चढवला आणि मोनिकाला रुग्णवाहिकेत घालून खरोखर धाराशिवपर्यंत नेऊन आणलं.

आता नव्या कुलपाची किल्ली ड्यूटीच्या खोलीत खिळ्यावर असते. खिळा मोनिकानं ठोकलाय, अगदी दाराशी.

परवा दुपारी गजराबाईनं शेळी मांडीशी घेतली. हातमोजा घातलेल्या चिमटीत गोचीड आली, सवयीनं दुसरा अंगठा जवळ गेला, आणि थांबला.

“आण तुझा त्यो डबा,” ती म्हणाली.

मोनिकानं डिझेलचा डबा पुढं सरकवला.

“वास मारतोय मेला.” गोचीड डब्यात पडली. “आन दवाखान्यात गेलीस की रोज त्यो खिळा बघून येत जा. किल्ली तिथनं हालली, तर म्या बी पुन्हा नखानं.”