कोरड्या नटाला भिणारे मामा

वंगणमामा भित्रे होते. वीज कडाडली की अहमदपूरच्या बसस्टँडमागच्या आपल्या सायकलच्या दुकानात ते हातातला पाना खाली ठेवून बसत. पण सगळ्यात जास्त भीत ते कोरड्या नटाला. जुन्या टूथब्रशने बोल्टचे आटे साफ करायचे, त्यांवर बोटाने वंगण फिरवायचे, नट आधी हाताने बसवायचा आणि मगच पान्याने आवळायचा. यात कधी बदल नाही. नाव त्यावरूनच पडले.

आमच्या शाळेचा शिपाई त्यांना छेडायचा, "मामा, भाकरीला बी वंगण लावता का?"

"लावतो की. तूप म्हणत्यात त्याला," मान वर न करता मामा म्हणायचे.

शाळेत मुलींसाठी सरकारी सायकली आल्या, तेव्हा जोडणीचे काम मीच मामांना दिले. अकराला पाहुणे येणार होते आणि नऊ वाजले तरी निम्म्याही सायकली उभ्या नव्हत्या. मी म्हणालो, "मामा, आता वंगण राहू द्या. नुसते आवळा."

"गुरुजी, पावसाळा तोंडावर हाय. आटे गंजले की नट मधीच अडकतो. हाताला घट्ट लागतो, पर चाक धरीत न्हाई. मला लई भ्या वाटून राहिलंय."

"तुम्हाला कशाची भीती वाटत नाही?" मी सगळ्यांदेखत हसलो. मामांनी वंगणाचा डबा बंद केला.

पावसाळा सरता सरता आठवीतल्या एका मुलीची सायकल पंक्चर झाली. घरच्यांनी पंक्चर काढून चाक पुन्हा बसवले, नट घट्ट लागला. दुसऱ्या दिवशी उतारावर पुढचे चाक निखळले. तिचे मनगट मोडले, हनुवटीला टाके पडले. तेव्हापासून घंटा होण्याआधी मी फाटकात उभा राहायचो. एखादीला उशीर झाला की उतारापर्यंत बघून यायचो.

पालक शाळेत जमले. "सायकली जोडल्या कुणी?"

मामांनी माझ्याकडे एकदाच पाहिले. मी खाली बघत होतो.

"म्या जोडल्या," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते डबा घेऊन शाळेच्या पटांगणात बसले. एकेक सायकल उघडली, गंज घासला, वंगण भरले. तरी गावात त्यांच्याकडे कुणी सायकल नेईना. शेवटी दुकान बंद करून ते लेकीकडे हदगावला निघाले.

मी स्टँडवर निरोपाला गेलो, ते चूक माझी होती हे कबूल करायला. मामा गाडीच्या खिडकीतून वाकले. "गुरुजी, एक सायकल राहिली बघा. वाडीवरची ती पोरगी तवा आजारी व्हती. तेवढी उघडा. जिवाला घोर लागलाय."

मी "हो" म्हणालो. बाकीचे बोलायच्या आत गाडी हलली.

स्टँडवरून मी थेट त्या मुलीच्या वाडीवर गेलो. तिच्या वडिलांनी सायकल धरली, मी पान्यावर सगळा जोर टाकला. नट जागचा हलेना.

"कशानं अडकलाय, गुरुजी?"

तेव्हा मी सांगितले. वंगण मीच नको म्हणालो होतो. मामांनी बजावले होते. पालकांसमोर मी गप्प राहिलो.

त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, मुलीला उद्या पायी जायला सांगितले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आन हे समदं ठावं असून तुमी मामाला गाडीत बसू दिलं?"