देवकृपेने ठीक

चौकशी समितीसमोर ठेवलेल्या टिपणीत संबंधित इसमाचे वर्णन येणेप्रमाणे: पुरुष, वय वर्षे त्रेपन्न. पद: लिफ्ट मेकॅनिक, वृद्धाश्रम. उंची मध्यम, आवाज मध्यमाहून बराच मोठा. श्रद्धा: नोंद नाही. वर्तन: असमाधानकारक. ठळक खूण: तोंड. आरोप: सदर इसमाने आश्रमाच्या अधिकृत नोंदवहीत तेवीस ठिकाणी देवाच्या नावावर काट मारली.

काट मारली हे खरं आहे. लाल शाईने, पट्टी धरून मारली. एकही रेघ वाकडी नाही. श्रद्धेची नोंद नाही, हा मात्र टिपणी लिहिणाऱ्याचा आळस. ज्या ख्रिस्ती मंडळीचा हा आश्रम, तिच्यातच हा माणूस लहानाचा मोठा झाला. दर रविवारी उपासनेला येतो आणि शेवटच्या बाकावर बसतो, कारण पुढच्या बाकांवर बसणाऱ्यांना तो चांगला ओळखतो.

मंडळीत त्याला एरंडेल म्हणतात. चव कोणालाच आवडत नाही, आणि घेतल्याशिवाय अडलेलं सुटत नाही. तो शिव्या देतो. मोटरला देतो, गंजलेल्या बोल्टला देतो, लिफ्टचं दार लाथेने लोटणाऱ्याला तर आवर्जून देतो. लहानपणी रविवारच्या शाळेतल्या बाईंनी त्याला यावरून पट्टीचा प्रसाद दिला आणि सांगितलं, की हा बायबलातल्या दहा आज्ञांपैकी तिसरीचा भंग आहे. त्याने घरी जाऊन आज्ञा काढून पाहिली. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये एवढंच तिचं म्हणणं होतं. बोल्टच्या खानदानाबद्दल तिच्यात अवाक्षर नव्हतं. त्या दिवसापासून त्याने शिवी मोकळी सोडली आणि देवाचं नाव बांधून ठेवलं. देवाशप्पथ नाही, अरे देवा नाही, अंगठ्यावर हातोडी बसली तरी नाही. ते नाव फक्त प्रार्थनेत, आणि प्रार्थना दोन ओळींची.

आश्रमाचे व्यवस्थापक मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी मंडळात बसणारे. त्यांचं सगळं नेमकं उलटं. जन्मात त्यांनी शिवी दिली नाही, आणि देवाच्या नावाशिवाय वाक्य पुरं केलं नाही. चहा देवकृपेने गोड, चादरी देवकृपेने वाळलेल्या. नळाला पाणी आलं तर प्रभूची दया, नाही आलं तर प्रभूची इच्छा. प्लंबरचा संबंध दोन्हीकडे नाही. त्यांची प्रार्थना म्हणजे एरंडाचं गुऱ्हाळ. ती सुरू झाली की आज्या डोळे मिटतात, ते थेट जेवणाच्या घंटेला उघडतात.

आश्रमाचा आधीचा मेकॅनिक निवृत्त झाल्यावर तेवीस महिने जागा रिकामी होती. लिफ्ट मात्र चालू होती. तपासणीच्या वहीत दर महिन्याला ‘दोर, ब्रेक, दारे’ असा रकाना असतो, आणि पुढे शेरा लिहून सही करायची असते. तेवीसही महिने व्यवस्थापकांनी आपल्या टपोऱ्या अक्षरात शेरा लिहिला: ‘देवकृपेने ठीक.’ खाली सही.

मग एरंडेलची नेमणूक झाली. नोकरीबरोबर त्याच्या आईला तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळची खाट मिळाली. आईचे गुडघे कधीच गेले होते, आणि त्याच्या खोलीला चौऱ्याऐंशी पायऱ्या होत्या. नोकरी आणि खाट एकाच खिळ्याला टांगलेल्या, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पहिल्याच आठवड्यात तो गच्चीवरच्या मशीनरूममध्ये गेला. पोलादी दोर तपासायची त्याची रीत साधी. लिफ्ट अगदी हळू सोडायची आणि जुन्या बनियनची चिंधी दोराभोवती सैल धरायची. दोर धड असेल तर चिंधी सरकत राहते. कुठे तार तुटलेली असेल तर ती चिंधीला धरते. त्या दिवशी चिंधी अकरा वेळा अडकली. बाराव्या वेळी ती हातातून सुटून दोराबरोबर निघून गेली.

त्याने लिफ्ट बंद केली, फ्यूज काढून जेवणाच्या डब्यात टाकले आणि वही उघडली. तेवीस शेरे वाचून झाल्यावर त्याने लाल पेन आणि पट्टी मागून घेतली. चोविसाव्या ओळीत लिहिलं: ‘दोर तुटताहेत. नवे येईपर्यंत कोणी बसायचं नाही.’

पुढच्या रविवारी आश्रमाचा पंचविसावा वर्धापनदिन होता. व्यवस्थापकांनी त्याला बोलावून शांतपणे समजावलं, की पाहुणे येणार आहेत, तिसऱ्या मजल्यावरच्या एकवीस आज्या तळमजल्याच्या सभागृहात दिसल्या नाहीत तर बरं दिसणार नाही, आणि झालंच तर शाफ्टच्या तळाशी स्प्रिंग असतातच की. स्प्रिंग लिफ्टसाठी असतात, आज्यांच्या मणक्यांसाठी नसतात, असं एरंडेलने सांगितलं. मधले काही शब्द इथे गाळले आहेत.

“दोन वर्षं देवाने सांभाळलं,” व्यवस्थापक म्हणाले. “अजून आठ दिवस नाही सांभाळणार? विश्वासात कमी पडताय तुम्ही.”

“सांभाळलं असेल, साहेब. पण सही तुमची आहे. एकदा तरी गच्चीवर चढलात?”

चढले नव्हते, जिना फार उभा आहे.

“म्हणजे स्वतः खाली बसून त्याचं नाव तेवढं वर पाठवलंत. साक्षीला.”

व्यवस्थापकांचा आवाज तरीही चढला नाही. पान नवं करा, तोच शेरा लिहा, फ्यूज लावा, एवढंच ते म्हणाले. आणि मग, जाता जाता आठवल्यासारखं: “तुमच्या मातोश्रींची खाट खिडकीजवळची, नाही का? त्या खाटेसाठी बरेच जण थांबलेत.”

एरंडेल तिसऱ्या मजल्यावर जिन्याने गेला आणि आईला सगळं सांगितलं. आईने आधी पोटभर झापलं.

“तुझं तोंड तुला रस्त्यावर आणणार, हे मी तू दहा वर्षांचा असल्यापासून सांगतेय. सोबत मलाही आणेल, हे तेवढं सुचलं नव्हतं.”

मग तिने मान वळवून खिडकीबाहेर बघितलं.

“दिसतं तरी काय इथून?” ती म्हणाली. “पाण्याची टाकी.”

फ्यूज डब्यातच राहिले.

रविवारी सकाळी लाकडी खुर्चीला दोन बांबू बांधून एरंडेल आणि आश्रमाची स्वयंपाकीणबाई यांनी एकवीस आज्या तीन मजले खाली आणल्या. बाई पुढून, हा मागून. खाली व्यवस्थापकांची प्रार्थना सुरू झाली तेव्हा नऊ आज्या उरल्या होत्या, आणि प्रार्थना संपली तेव्हा एकही नव्हती. यावरून प्रार्थनेची लांबी कळावी. जिन्याच्या प्रत्येक वळणावर खुर्चीचा पाय कठड्याला आपटला, आणि प्रत्येक वेळी एरंडेलने कठडा बांधणाऱ्याच्या पूर्वजांची आठवण काढली. सभागृहाची दारं उघडी होती. पाहुण्यांनी मिटलेले डोळे आणखी घट्ट मिटले.

आई शेवटची. “सावकाश रे, मी काय पोतं आहे?” एवढं सोडून ती काही बोलली नाही.

आत व्यवस्थापक आभार मानत होते, की देवकृपेने आपल्या सगळ्या माता सुखरूप खाली आल्या. स्वयंपाकीणबाईने पदराने मान पुसली. “पुढच्या वेळी त्या कृपेला म्हणावं, मागचे बांबू धर. हा माणूस फार बोलतो.”

चौकशी समितीत तिघे होते: पाळक, व्यवस्थापकांचे मेहुणे आणि एक निवृत्त हेडमास्तर. नवे दोर का हवेत, हे कोणी विचारलं नाही. एवढं मोठं नाव, आणि त्यावर लाल रेघ, याचंच तिघांना वाईट वाटत होतं. हेडमास्तरांना तर लाल शाईचंही. पाळकांनी विचारलं, देवाचं भय आहे का तुम्हाला?

“आहे,” एरंडेल म्हणाला. “म्हणूनच खोडलं. खोट्या सहीवर त्याचं नाव ठेवून मला झोप लागली नसती. तुम्हाला लागते, हे मला माहीत नव्हतं.”

हे उत्तर उद्धटपणा या सदराखाली नोंदवण्यात आलं.

निकाल एका पानाचा होता. सेवा महिनाअखेर समाप्त. खाट त्याच दिवशी रिकामी करावी. दरम्यान समितीतल्या कोणीही लिफ्टमध्ये पाऊल ठेवलं नाही. तिघांना वरच्या मजल्यावर एकदाही काम निघालं नाही, हा योगायोग. नव्या दोरांसाठी एरंडेलचा अर्ज रोज जातच होता. तिसऱ्या आठवड्यात नवे दोर आले, कारण वर्धापनदिनाच्या एका पाहुण्यांनाही आपल्या सासूबाई तिसऱ्या मजल्यावर ठेवायच्या होत्या. चारही दोर एरंडेलनेच चढवले, चिंधी फिरवून पाहिली, ती कुठे अडकली नाही. त्याने फ्यूज लावले आणि वहीत लिहिलं: ‘पाहिले. ठीक.’ खाली सही.

महिनाअखेरीस आई, तिची पेटी आणि तो असे तिघे लिफ्टने खाली आले. आईला लिफ्ट आवडली. फार गुळगुळीत चालते म्हणाली. घरी चौऱ्याऐंशी पायऱ्या होत्या. लाकडी खुर्ची आणि बांबू स्वयंपाकीणबाईने आधीच तिकडे पाठवले होते, आणि मागोमाग ती स्वतःही आली होती.

समितीच्या अहवालाचा शेवट असा: ‘सदर इसमाने पसरवलेल्या भीतीस कोणताही आधार आढळला नाही. लिफ्ट देवकृपेने सुस्थितीत आहे.’

काढलेल्या दोराच्या वीतभर तुकड्यात एकोणीस तारा तुटलेल्या आहेत. नियमाने सहापर्यंत चालतात.