दाजींचा हात

समजा, नगरपालिकेच्या सभागृहात तिसऱ्या रांगेतली, खिडकीजवळची खुर्ची तुम्हाला मिळाली आहे. काम अवघड नाही. समोर कोणीतरी उभं राहून काहीतरी वाचतं आणि शेवटी म्हणतं, "हा ठराव मी सभागृहापुढे मांडतो." एवढं कानावर पडलं की उजवा हात वर करायचा, "अनुमोदन" म्हणायचं आणि हात खाली घ्यायचा. त्याआधीच्या वेळात काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. डुलकी काढा, नखं निरखा, घरी जाताना काय न्यायचं ते आठवा. फक्त ते शेवटचे शब्द चुकवायचे नाहीत. कारण नियम असा आहे की मांडणाऱ्याला दुसऱ्या कोणी अनुमोदन दिलं नाही तर ठराव जागच्या जागी मरतो. त्यावर ना चर्चा, ना मतदान.

चार-सहा सभा करून बघा. मग तुमच्या लक्षात येईल की हाताला आता तुमची गरज उरलेली नाही. कान ऐकतात, खांदा उचलतो, तोंड बोलतं, आणि डोकं आपलं दुकानात जाऊन आलेलं असतं.

दाजींचं अगदी असंच झालं होतं.

दाजींचं चष्म्याचं दुकान नगरपालिकेच्या मागच्या गल्लीत होतं. पुढे फ्रेमांची कपाटं आणि आरसे, पडद्यामागे काच घासायचं यंत्र, आणि भिंतीवर तो वरून मोठा नि खाली बारीक होत जाणारा अक्षरांचा तक्ता, जो निम्म्या गावाला पाठ होता. राजकारणाशी त्यांचा संबंध एवढाच की त्यांचा धाकटा मेहुणा नगरपालिकेचा अध्यक्ष होता. मेहुण्याने पहिली निवडणूक लढवली तेव्हा उमेदवारांच्या यादीत एक नाव कमी पडत होतं. बायको म्हणाली, उभे राहा, नाहीतरी दुकानात बसूनच असता. दाजी उभे राहिले, निवडून आले आणि पुन्हा बसले. मेहुणा त्यांना भर सभागृहात दाजी म्हणायचा, म्हणून हळूहळू सगळं गावच दाजी म्हणायला लागलं.

मेहुणा ठराव मांडायचा, दाजी अनुमोदन द्यायचे. लोक पाठीमागे त्यांना होयबा म्हणतात हे त्यांच्या कानावर होतं. त्यांना राग यायचा नाही, उलट ते गिऱ्हाइकांना स्वतःच सांगायचे की निवडून मी आलो असलो तरी कामावर फक्त माझा खांदा आहे. खुर्ची नको, मान नको. त्यांना हवं होतं ते रविवारचं जेवण. दर रविवारी सासूबाईंकडे सगळे जमायचे, टेबलाच्या एका टोकाला मेहुणा आणि त्याच्या शेजारची खुर्ची दाजींची. दाजींचे आईवडील लवकर गेलेले, सख्खं असं कोणी नव्हतं. त्या टेबलावर त्यांना वाटायचं की आपणही कोणाचे तरी आहोत. त्या खुर्चीपायी त्यांनी काहीही अनुमोदलं असतं, आणि तसं अनुमोदलंही होतं.

त्यातलाच एक ठराव रस्त्यावरच्या दिव्यांचा. जुने पिवळट दिवे काढून नवे पांढरे लावायचे होते. तो ठराव वाचला जात असताना दाजी एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची सैल झालेली काडी कशी घट्ट करावी याचा विचार करत होते. काडीचं उत्तर सापडलं आणि हात वर गेला, दोन्ही एकदमच.

दिवे लागले आणि दाजींचं दुकान भरून वाहू लागलं. संध्याकाळचं बाहेर पडलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, असं म्हणत माणसं येऊ लागली. दिव्याखाली डोळे दिपायचे आणि दोन दिव्यांच्या मध्ये पाऊल कुठे पडतंय ते कळायचं नाही. दाजी तपासायचे. नंबर तोच. पुढच्याचाही तोच. शेवटी ते समजून चुकले की गावाचे डोळे ठणठणीत आहेत, बिघडलाय तो आपण अनुमोदलेला ठराव. पण हे तोंडाने म्हणायचं म्हणजे मेहुण्याला नाव ठेवायचं. मग ते हलक्या रंगाच्या काचा सुचवायचे. धंदा कधी नव्हे इतका चालला होता आणि दाजींना रोज संध्याकाळी गल्ला बंद करताना आपण चोर आहोत की वैद्य, हे ठरवता यायचं नाही.

मग सासूबाई पडल्या. त्याच पांढऱ्या दिव्याखाली, फरसबंदीच्या पायरीवर. हाड मोडलं नाही, पण गुडघा टमटमीत सुजला. त्या दुकानात आल्या, लंगडत, मुलाला न सांगता. दाजींनी तपासणीची जड फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली, काचा बदलून बदलून विचारलं, आता बरं की मघाशी बरं? नंबर तसूभरही हलला नव्हता. तरी त्यांनी नवा चष्मा करून दिला. सासूबाईंनी तो घातला, आरशात पाहिलं नाही, थेट जावयाकडे पाहिलं.

"नंबर तोच आहे म्हणता, मग चष्मा कशाला, जावईबापू?"

जवळ एक जास्तीचा असावा, असं दाजी काहीतरी पुटपुटले. सासूबाई गेल्या. त्यांनी पैसे देऊ केले नाहीत आणि दाजींनी मागितले नाहीत, पण त्या व्यवहारात दोघांनाही फसल्यासारखं वाटलं.

इकडे नगरपालिकेत कुजबुज वाढली होती. दिवे कोणी निवडले, आधी एखाद्या गल्लीत लावून पाहिले होते का, तक्रारींचं काय झालं? व्हरांड्यात सगळे नगरसेवक वाघ असायचे. दाजी आले की आवाज खाली जायचा आणि सभागृहाचं दार ओलांडलं की वाघांची मांजरं व्हायची. एकट्या बाई तेवढ्या उभ्या राहायच्या. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. सभागृहातले निम्मे लोक कधी ना कधी त्यांच्या वर्गाबाहेर उभे राहिलेले. दर सभेत त्या एकच ठराव वाचायच्या: अध्यक्षांच्या कारभाराची सभागृहाने चौकशी करावी, आणि ती होईपर्यंत अध्यक्षांनी खुर्ची सोडावी. वाचून झालं की त्या चष्म्यावरून सगळीकडे बघायच्या. सगळे टेबलाकडे बघायचे. अध्यक्ष नम्रपणे विचारायचे, कोणाचं अनुमोदन? कोणाचंच नसायचं. ठराव मरायचा आणि चहा यायचा.

त्या दिवशीही बाई उभ्या राहिल्या. दाजी खिडकीतून समोरच्या पोरीकडे बघत होते, ती सायकल शिकत होती आणि तिचा बाप मागून सीट धरून धावत होता. मेहुण्याला सायकल दाजींनीच शिकवली होती, लग्नाच्या नव्या नवलाईत, सासरी वट जमावा म्हणून. त्याला सोडलं तो क्षण त्यांना आठवला. पोरगं मागे न बघता सुसाट गेलं होतं. मध्येच कधीतरी दिवे हा शब्द कानाला लागून गेला. पायरी हाही बहुतेक. आणि मग ते ओळखीचे शब्द आले, "हा ठराव मी सभागृहापुढे मांडते."

"अनुमोदन," दाजी म्हणाले.

हात वर होता. तो आपलाच आहे हे त्यांना जरा उशिरा कळलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तो चष्मा दाजींनीच केलेला होता.

अध्यक्ष रागावले नाहीत. ते हसले, घरातल्या माणसाला सांभाळून घेतात तसं. चर्चा सुरू होण्याआधी अनुमोदन मागे घेता येतं, नियमात तशी सोय आहे, असं त्यांनी सचिवांकडून वदवून घेतलं. मग ते म्हणाले, "दाजी, चुकून झालं ना?"

एवढं एक "हो" म्हणायचं होतं. रविवार वाचला असता. दाजींचं तोंड उघडलंही. पण त्यांच्या मनात आलं, चुकून म्हणालो तर याचा अर्थ मी ऐकत नव्हतो. आणि आज ऐकत नव्हतो तर आजवर कधी ऐकत होतो? हा हिशेब इतक्या लोकांना एकदम कळेल, बाईंनाही कळेल, आणि बाई वर्गात लक्ष नसलेल्या मुलाचं काय करायच्या ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. दाजी घाबरले. आणि त्या घाबरण्यात ते आयुष्यातलं सगळ्यात धीट वाक्य बोलून गेले.

"नाही. विचार करूनच दिलंय."

त्यानंतर बांध फुटला. अध्यक्षांच्या घरातलाच माणूस बोलला म्हटल्यावर बाकीच्यांनाही कंठ फुटला. ज्यांनी महिनोन् महिने टेबलावरच्या रेघा मोजल्या होत्या ते उभे राहून दिव्यांबद्दल बोलू लागले. अध्यक्षांना पहिल्यांदाच प्रश्नांना उत्तरं द्यावी लागली आणि ती त्यांच्याजवळ नव्हती. दिवे आधी कुठेच लावून पाहिले नव्हते. मतदान आलं. त्या वेळी दाजींनी काय केलं हे गावात कोणी सांगत नाही, कारण त्यांच्याकडे कोणी बघतच नव्हतं. त्यांनी उजवा हात मांडीखाली घातला आणि त्यावर घट्ट बसून राहिले. ठराव त्यांच्याशिवाय मंजूर झाला.

दुसऱ्या दिवसापासून दाजी गावात शूर झाले. किराणावाला त्यांच्यासाठी दुकानाची पायरी उतरून खाली आला. कोणी म्हणालं, खरं बोलायला छाती लागते. दाजी मनात म्हणाले, छाती नाही हो, खांदा, आणि तोही बेसावध. पण उघडपणे त्यांनी कोणाचा गैरसमज दूर केला नाही. हाही एक दोष त्यांनी स्वतःच्या नावावर टाकून घेतला.

घरी मात्र भांडी जोरात आपटू लागली. मेहुण्याला बायकोने लहानाचं मोठं केलेलं. दोन दिवस ती बोलली नाही, तिसऱ्या दिवशी ताट पुढे सरकवत म्हणाली, "इतक्या वर्षांत माझ्या एका शब्दाला कधी अनुमोदन दिलं नाहीत. ते नेमकं बाईंना दिलंत."

रविवार आला, निरोप आला नाही. दाजी दुपारी दुकान उघडून बसले आणि पुसलेले आरसे पुन्हा पुसले. पुढचा रविवारही तसाच गेला.

मग एका सकाळी मेहुणा दुकानात आला. सोबत कोणी नव्हतं. खुर्ची गेलेला माणूस तपासणीच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला की हल्ली नीट दिसत नाही. दाजींनी फ्रेम चढवली, काचा बदलल्या. आता बरं की मघाशी बरं? सारखंच, मेहुणा म्हणत राहिला. तक्ता त्याने शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला.

"नंबर तोच आहे," दाजी म्हणाले. "चष्मा नको. दिवेच वाईट आहेत."

ही गोष्ट त्यांनी या खुर्चीत बसलेल्या कोणाला तरी पहिल्यांदाच सांगितली. मेहुण्याने ती जड फ्रेम नाकावर तशीच ठेवली. मग म्हणाला की आईने गुडघा दाखवला, काल. आणि खालच्या आवाजात, "दाजी, इथं कोणी नाही. खरं सांगा. ऐकून हात वर केलात, की सवयीनं?"

सवयीनं म्हटलं तर रविवारची जुनी खुर्ची परत मिळणार होती. ऐकून म्हटलं तर निदान शौर्य खरं ठरणार होतं. दाजींनी दोन्ही उत्तरं तोंडात घोळवून पाहिली, त्या बदलून बघायच्या काचांसारखी. कोणत्याच उत्तराने काही स्पष्ट दिसेना.

"मला माहीत नाही रे," ते म्हणाले. "देवाशपथ माहीत नाही."

मेहुण्याने फ्रेम काढून त्यांच्या हातात दिली. दारापर्यंत गेला आणि तिथून मागे वळून म्हणाला, "रविवारी आईनं बोलावलंय. येताना उजवा हात घरी ठेवून या."

तो गेल्यावर दाजी त्याच खुर्चीत बसले. समोर तक्ता होता. सभेच्या वेळी पोरगी सायकल शिकत होती, दिवे म्हटलेलं ऐकू आलं होतं, पायरी म्हटलेलंही बहुतेक आलं होतं. त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. रविवार परत मिळाला होता, जेवण मिळणार होतं. पण एक गोष्ट अडकून राहिली होती आणि ती त्यांना कोणाला तरी विचारायची होती, बाईंना, सासूबाईंना, कोणालाही: त्या दिवशी मी खरोखर लक्ष देऊन, शब्द न् शब्द ऐकत बसलो असतो, तर हा हात वर गेला असता का?